चऱ्यांनी धुरकटलेली विंडस्क्रीन : एका मोटरसायकलचा प्रकरण अभ्यास

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मोटरसायकलची उंच विंडस्क्रीन हा या अभ्यासाचा विषय आहे. दिवसा, सूर्य पाठीशी असताना, ती जवळजवळ निर्दोष वाटत असे. रात्री समोरून वाहन आले की मात्र त्याच्या हेडलाइटभोवती बारीक चमकत्या रेषांचे वर्तुळाकार जाळे उमटे आणि त्या झळाळीमागे रस्त्याची कडा, खड्डा किंवा पायी चालणारा माणूस काही क्षण दिसेनासा होई. गाडीमालकांचा प्रश्न सरळ होता : पॉलिशने हे चरे निघतील, की विंडस्क्रीन बदलावी लागेल?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण चरा काढणे म्हणजे चरा भरून काढणे नव्हे. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणे, हाच तो नाहीसा करण्याचा एकमेव टिकाऊ मार्ग आहे. म्हणून कोणते पॉलिश घ्यावे हे नंतर ठरते. या विंडस्क्रीनवरून किती प्लॅस्टिक काढता येईल आणि ते कोणत्या जागेवरून काढणे योग्य होईल, हे आधी ठरवावे लागते. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांवरील आश्वासनांत नेमका हाच भाग गाळलेला असतो आणि चांगल्या विंडस्क्रीन बिघडतात त्या बहुधा याच घाईपायी.

तक्रारीचा अर्थ

हेडलाइटभोवती दिसणारी वर्तुळे पाहून मालकांचा असा समज झाला होता की कापड गोल फिरवून पुसल्यामुळे चरेही गोलाकार पडले आहेत. काळोख्या खोलीत एक छोटा दिवा विंडस्क्रीनच्या पलीकडे धरून तो हळूहळू बाजूला सरकवला, तेव्हा वर्तुळेही दिव्याबरोबर सरकली. चरे खरोखर गोलाकार असते तर त्यांची जागा बदलली नसती. प्रत्येक बारीक चरा प्रकाश मुख्यतः स्वतःच्या लांबीला काटकोन करणाऱ्या दिशांना फेकतो. त्यामुळे सर्व दिशांनी पसरलेल्या असंख्य चऱ्यांपैकी, दिव्याभोवती कल्पिलेल्या वर्तुळाला जे स्पर्शरेषेसारखे पडतात तेवढेच डोळ्याकडे प्रकाश पाठवतात आणि बाकीचे त्या क्षणी दिसतच नाहीत. दिव्याची जागा बदलली की चमकणारे चरे बदलतात आणि वर्तुळ नव्या जागी उभे राहते.

या निरीक्षणाला निदान म्हणून मोठे मोल आहे. वर्तुळ दिव्याबरोबर कोठेही नेता येत असेल, तर चरे त्या सर्व भागांत आणि सर्व दिशांना आहेत, म्हणजे एकदोन रेषा घासून झळाळी कमी होणार नाही. त्याच वेळी असेही कळते की झळाळीचे मुख्य कारण नजरेत भरणारे मोजके खोल चरे नसून, नीट पाहिल्याशिवाय न दिसणारे हजारो उथळ चरे आहेत. मालक ज्या एका ठळक चऱ्यावर बोट ठेवत होते, तो काढला असता आणि बाकी सारे तसेच ठेवले असते, तरी रात्रीच्या तक्रारीत फारसा फरक पडला नसता.

विंडस्क्रीन धुऊन, मागे काळे कापड धरून आणि बाजूने तिरपा प्रकाश टाकून पाहिल्यावर चऱ्यांचे तीन प्रकार वेगळे करता आले. पहिला प्रकार सर्वत्र पसरलेल्या केसासारख्या बारीक चऱ्यांचा होता; ते कोरड्या कापडाने धूळ पुसल्याने पडतात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, त्यांची कठीणता मोजच्या मापनात (खनिजांची कठीणता १ ते १० अशी दाखवणाऱ्या मापनात) ७ असते आणि प्लॅस्टिक त्यापुढे फारच मऊ ठरते, त्यामुळे कापड कितीही मऊ असले तरी त्याखाली सापडलेला कण आपले काम करतोच. दुसरा प्रकार वरच्या कडेलगतच्या पट्ट्यात होता. तेथे आखूड, एकमेकांना बऱ्याच अंशी समांतर रेषा दाटीने होत्या. गाडी उघड्यावर उभी असे आणि तिच्यावरचे धुळीने भरलेले आच्छादन वाऱ्याने सतत त्या कडेवर घासले जाई, हे मालकांना विचारल्यावर समजले. तिसऱ्या प्रकारात मोजकेच लांब चरे होते. त्यांतील एक उजव्या बाजूला, चालकाच्या दृष्टिरेषेजवळ होता आणि नख आडवे फिरवले की त्यात किंचित अडकत असे, तर दुसरा अधिक खोल चरा खालच्या भागात, माउंटिंगच्या पट्टीजवळ होता.

याखेरीज खालच्या एका स्क्रूच्या भोकापाशी तीनचार अतिबारीक रेषा आढळल्या. बोटाला त्या लागत नव्हत्या, पण विशिष्ट कोनातून पाहिले की चंदेरी तुकड्यांसारख्या चमकत होत्या. हे चरे नव्हेत. स्क्रू गरजेपेक्षा घट्ट आवळल्याने किंवा द्रावकाच्या, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाच्या, संपर्काने ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये अशा सूक्ष्म भेगा पडतात. त्या पॉलिशने निघत नाहीत, आणि त्यांच्यावर द्रावक लागले तर त्या वाढतात. पुढील सर्व निर्णयांत या भोकापासून दूर राहणे ही एक अट बनली.

पदार्थ ओळखणे

मोटरसायकलच्या विंडस्क्रीन बहुतांशी दोन प्लॅस्टिकांपासून बनतात. ॲक्रिलिक, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, १९३० च्या दशकात बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या पारदर्शक छतांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मधला. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग तुलनेने कठीण असतो, पण आघाताने ते तडकते. पॉलिकार्बोनेट आघात उत्तम सोसते, मात्र त्याचा उघडा पृष्ठभाग इतका मऊ असतो की विंडस्क्रीनसाठी वापरताना त्यावर सहसा काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा कठीण संरक्षक थर चढवलेला असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून पॉलिकार्बोनेटचे रक्षण करण्याचे कामही अनेकदा याच थराकडे असते.

या प्रकरणातील सारा निर्णय याच फरकावर उभा होता. थर असलेल्या पॉलिकार्बोनेटवर पॉलिश घासले, तर दोनच गोष्टी संभवतात : पॉलिश सौम्य असेल तर कठीण थरावर त्याचा विशेष परिणाम होत नाही, आणि पॉलिश जोरकस असेल तर थर जागोजागी झिजून आरपार जातो. झिजलेल्या जागेच्या कडा डागांसारख्या दिसू लागतात, उघडे पडलेले प्लॅस्टिक पूर्वीपेक्षा लवकर चरते आणि पुढे उन्हाने पिवळे पडण्याची शक्यता वाढते. थर पूर्ण खरवडून नवा थर चढवणे हे कारखान्यातील नियंत्रित वातावरणाचे काम आहे. म्हणून थर असलेल्या पॉलिकार्बोनेटच्या विंडस्क्रीनवर दृष्टिरेषेत बारीक चरे दाटले असतील, तर घासण्याऐवजी ती बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घासून मिळणारे समाधान काही आठवड्यांपुरते असते आणि नंतरची अवस्था मूळ अवस्थेहून वाईट असते.

प्रस्तुत विंडस्क्रीनवर पदार्थाचे नाव किंवा खूण सापडली नाही, त्यामुळे लक्षणांवरून अंदाज बांधावा लागला. ती सहज वाकत नव्हती, तिची कापलेली कड उजळ आणि स्वच्छ दिसत होती, आणि थर ओतून किंवा बुडवून चढवताना खालच्या कडेला जो किंचित जाड ओघळ व त्यावर इंद्रधनुषी छटा राहते, ती येथे नव्हती. ही लक्षणे ॲक्रिलिककडे बोट दाखवणारी असली तरी निर्णायक नव्हती. म्हणून माउंटिंगच्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात, दोन बोटे रुंदीच्या जागेत, प्लॅस्टिकसाठीचे बारीक पॉलिश हाताने घासून पाहिले. पृष्ठभाग एकसारखा उजळला, बारीक चरे कमी झाले आणि कोठेही थराची कड दिसली नाही. विंडस्क्रीन विनाथर ॲक्रिलिकची आहे, असे धरून पुढे जाण्यास हा पुरावा पुरेसा मानला. झाकलेल्या कोपऱ्यातील ही चाचणी कोणत्याही विंडस्क्रीनवर टाळू नये.

कोठे घासायचे आणि कोठे नाही

चालक नेहमीच्या बैठकीत, हेल्मेट घालून बसलेला असताना त्याची नजर विंडस्क्रीनच्या कोणत्या पट्ट्यातून रस्त्याकडे जाते, हे सहायकाने पाहून विंडस्क्रीनच्या मागच्या बाजूला सहज निघणाऱ्या मास्किंग टेपने तो पट्टा आखला. काही मोटरसायकलींवर चालक विंडस्क्रीनच्या वरून पाहतो आणि तेथे चऱ्यांचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. येथे मात्र नजर वरच्या कडेखालून आरपार जात होती. आखलेल्या पट्ट्यात उथळ चरे आणि उजवीकडचा नखाला लागणारा चरा येत होता. आच्छादनाने घासलेली वरची कड अंशतःच येत होती. खालचा खोल चरा आणि भेगा पडलेले भोक पूर्णपणे बाहेर होते.

यावरून तीन निर्णय झाले. उथळ चरे संपूर्ण विंडस्क्रीनभर पॉलिशने काढायचे, उजवीकडचा चरा वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या बारीक पॉलिशपेपरने) रुंद क्षेत्रात घासून काढायचा, आणि खालच्या चऱ्याला हात लावायचा नाही. शेवटचा निर्णय मालकांना प्रथम रुचला नाही, कारण तोच चरा सर्वांत जास्त डोळ्यांत भरत असे. पण तो रस्ता पाहण्याच्या आड येत नव्हता, तो काढण्यासाठी बरेच प्लॅस्टिक काढावे लागले असते आणि ते काम ताणाखाली असलेल्या भोकाच्या अगदी जवळ झाले असते. हे समजावल्यावर त्यांनी तो मान्य केला.

प्रत्यक्ष काम

विंडस्क्रीन गाडीवरून उतरवली. जागेवरच घासले तर पॉलिशचा गाळ टाकीच्या रंगावर आणि मीटरच्या काचेवर उतरतो, शिवाय विंडस्क्रीनला मागून आधार नसल्याने दाब एकसारखा पडत नाही. मऊ टॉवेलांच्या जाड घडीवर ती तिच्या वक्राप्रमाणे टेकवली. त्याआधी ओले कापड पसरून वाळलेले किडे मऊ होऊ दिले, वाहत्या पाण्याने धूळ घालवली आणि मगच सौम्य साबणाच्या पाण्याने, दाब न देता, हात फिरवला. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव, पेट्रोल, थिनर आणि ॲसिटोन यांना या कामात स्थान नाही. ॲक्रिलिकमध्ये अशा द्रावकांनी भेगा पडू शकतात आणि पॉलिकार्बोनेटचेही त्यांच्यामुळे नुकसान होते.

उजवीकडच्या चऱ्याचे काम पहिल्यांदा घेतले, कारण वॉटर पेपरने आलेला धुरकटपणा नंतर पॉलिशनेच जाणार होता. या ठिकाणी थोडे गणित उपयोगी पडते. समजा चरा २० मायक्रॉन खोल आहे आणि तो काढण्यासाठी आपण केवळ ५ मिलिमीटर त्रिज्येचा ठिपका घासला, तर तेथे तयार होणाऱ्या उथळ खळग्याचा सरासरी उतार ०.००४ होतो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे १.४९ असल्याने समोरून सरळ येणारा प्रकाश त्यातून जाताना सुमारे ०.००२ रेडियन, म्हणजे जवळजवळ ७ कोनीय मिनिटे (कोनीय मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळतो. निरोगी डोळा साधारण १ कोनीय मिनिटाचा तपशील ओळखतो, त्यामुळे हा खळगा रस्त्यावरच्या रेषा लहरत असल्यासारखा दाखवेल. तीच खोली ५० मिलिमीटर त्रिज्येत पसरवली तर उतार दहापट कमी होतो आणि वळण १ मिनिटाच्या आत येते. विंडस्क्रीन तिरपी बसवलेली असल्याने प्रत्यक्षात हे वळण याहून काहीसे अधिक असते, म्हणून क्षेत्र शक्य तितके रुंद आणि कडेकडे हलके होत जाणारे ठेवावे लागते. चऱ्यावरच पेपर रगडत राहण्याची सहजप्रवृत्ती आवरणे, हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. चरा जातो, पण त्याच्या जागी एक भिंग तयार होते, आणि चालकासाठी ते चऱ्याहून अधिक घातक ठरू शकते.

सुरुवात २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने केली; क्रमांक जितका मोठा, तितका पेपर बारीक. जो सर्वांत बारीक पेपर काम करू शकेल त्यापासूनच आरंभ करावा, हा नियम येथे पाळला. पेपर सपाट, किंचित लवचीक रबरी ठोकळ्याला गुंडाळला होता, कारण बोटांनी धरलेला पेपर बोटांखाली जास्त दाबतो आणि चर पाडतो. चरा जेमतेम फिका झाल्याने १५०० क्रमांकाचा पेपर घ्यावा लागला. चऱ्याची रेषा तिरप्या प्रकाशात दिसेनाशी झाल्यावर पुन्हा २००० आणि मग २५०० असा क्रम ठेवला. युरोपीय मापनपद्धतीत या तीन पेपरांच्या कणांचा सरासरी आकार अनुक्रमे सुमारे १३, १० आणि ८ मायक्रॉन असतो. पेपर बदलताना घासण्याची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात ठेवली आणि आधीच्या पेपरच्या रेषा पूर्ण नाहीशा झाल्याशिवाय पुढचा पेपर घेतला नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी विंडस्क्रीन, ठोकळा आणि हात धुतले, कारण मागच्या पेपरचा एक कण राहिला तरी तो पुढच्या सर्व श्रमांवर पाणी फिरवतो. साबणाचे थेंब टाकलेले पाणी सतत वापरले, त्यामुळे भुकटी वाहून गेली आणि पेपर भरला नाही.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. ८ मायक्रॉनच्या कणांनी पाडलेल्या रेषा प्रकाश पसरवण्याइतक्या मोठ्या राहतात, म्हणून सर्वांत बारीक वॉटर पेपरनंतरही तो भाग दुधाळ दिसत होता. ही अवस्था पाहून मालक धास्तावले. पण ती अपेक्षितच असते आणि पॉलिशच्या कितीतरी सूक्ष्म कणांनीच ती दूर होते.

पॉलिशसाठी खास प्लॅस्टिकसाठी बनवलेली, दोन दर्जांची पॉलिश घेतली : आधी किंचित जाड, मग अतिबारीक. दुधाळ भागावर दोन्ही वापरली, उरलेल्या विंडस्क्रीनवर बारीक पॉलिश पुरेसे ठरले आणि वरच्या घासलेल्या कडेवर मात्र जाड पॉलिशचे अनेक हात द्यावे लागले. फोम पॅड लावलेले, गोल फिरतानाच झोकांड्या घेणारे बफिंग मशीन कमी वेगावर चालवले आणि ते सतत हलते ठेवले. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडते. एका जागी धरलेले वेगवान मशीन पृष्ठभागाचे तापमान पाहता पाहता वाढवते आणि मग पृष्ठभाग घासला जाण्याऐवजी लिंपला जातो. दर थोड्या वेळाने मशीन थांबवून तळहात टेकवला, आणि जागा कोमट लागली की दुसऱ्या भागाकडे वळले. भोकांच्या आसपास मशीन वापरलेच नाही.

काही घरगुती उपायांची विचारणा मालकांनी केली होती. टूथपेस्टमधील कण दात घासण्यासाठी निवडलेले असतात. एकदोन उथळ रेषा त्याने फिक्या होतीलही, पण संपूर्ण विंडस्क्रीनवर एकसारखा परिणाम मिळण्याची खात्री नसते. गाडीच्या रंगासाठीचे रबिंग कंपाउंड अनेकदा फार खरखरीत असते आणि काहींत द्रावकही असतात. सिरियम ऑक्साइड हे खऱ्या काचेचे पॉलिश आहे. काचेशी होणारी रासायनिक क्रिया हा त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग असल्याने प्लॅस्टिकवर ते वापरण्याचे कारण उरत नाही.

पारख

पॉलिश संपताच विंडस्क्रीन अतिशय सुंदर दिसते, पण त्या दिसण्यावर विश्वास ठेवू नये. अनेक पॉलिशमध्ये मेण, तेल किंवा सिलिकोन असते. ते चऱ्यांत बसते आणि त्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा प्लॅस्टिकच्या बराच जवळचा असल्याने चरे दिसेनासे होतात. काही धुण्यांनंतर मात्र ते उघडे पडतात. म्हणून साबणाच्या पाण्याने दोन वेळा नीट धुऊन, पूर्ण वाळल्यावर काळ्या कापडाची आणि तिरप्या प्रकाशाची तपासणी पुन्हा केली. वरच्या कडेवर काही समांतर रेषा परत दिसू लागल्या. तेवढ्या भागावर पुन्हा पॉलिश केले आणि पुन्हा धुऊन पाहिले. बाकी भागात विखुरलेले थोडे चरे उरले होते. त्यांच्यामागे लागलो नाही.

यानंतर विकृतीची चाचणी घेतली. सरळ, काटकोनी रेषांची टाइल लावलेली भिंत विंडस्क्रीनमधून पाहत, डोके हळूहळू डावीउजवीकडे नेले. घासलेल्या भागातून जाताना रेषा वाकल्या असत्या, तर क्षेत्र आणखी रुंद करावे लागले असते. चऱ्याच्या मूळ जागी अगदी हलकी लहर, ती कोठे शोधायची हे माहीत असल्यावरच जाणवत होती, आणि चालकाच्या बैठकीतून ती दिसत नव्हती. दिव्याची चाचणी काळोखात पुन्हा केल्यावर वर्तुळ पूर्णपणे नाहीसे झाले नव्हते, पण त्याचा विस्तार आटून ते दिव्याच्या निकट आले होते आणि दिव्याच्या शेजारी धरलेली छापील अक्षरे आता वाचता येत होती. रात्रीच्या प्रवासानंतर समोरून येणाऱ्या वाहनामागचा रस्ता आता हरवत नाही, असे मालकांनी सांगितले.

परत बसवताना स्क्रूंखालचे रबरी बुश तपासले; भेगा असलेल्या भोकाचा बुश दबून कडक झाला होता, म्हणून सर्व बुश आणि नायलॉनचे वॉशर बदलले. स्क्रू बुश किंचित दबेपर्यंतच, हाताच्या जोराने आवळले. आच्छादन बदलण्याची आणि तोवर विंडस्क्रीनवर आतून मऊ, रोज झटकता येईल असे वेगळे कापड बांधण्याची व्यवस्था मालकांनी केली, कारण वरच्या कडेचे नुकसान तेथूनच होत होते. पुसण्याआधी पाणी हा क्रम त्यांनी स्वीकारला.

खालचा खोल चरा जसा होता तसाच आहे. भोकाजवळच्या भेगांच्या टोकांची जागा मागच्या बाजूने टेपच्या तुकड्यांनी दाखवून ठेवली आहे आणि प्रत्येक धुण्याच्या वेळी त्या टोकांपलीकडे गेल्या आहेत का, हे मालक पाहतात. त्या कडेच्या दिशेने सरकू लागल्या तर विंडस्क्रीन चऱ्यांचा विचार न करता काढून टाकायची, असे त्यांच्याशी आधीच ठरले आहे.